वाफशाचे गणित : वऱ्हाडातील अंगण आणि परसबाग

अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत घराभोवतीच्या बागेची निगा राखताना सर्वांत आधी विचारात घ्यावी लागते ती माती. कारण जुन्या गावातील सांदवाडी, म्हणजे परसबाग, असो की शहराबाहेरच्या नव्या ले-आउटमधील प्लॉट असो, बांधकामाच्या वेळी टाकलेला मुरूम आणि चुरी बाजूला सारली की खाली बहुधा काळीच माती निघते. बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या या मातीत चिकणमातीच्या कणांचे प्रमाण मोठे असते, आणि त्या कणांत स्मेक्टाइट गटातील खनिजे प्रामुख्याने आढळतात. ही खनिजे अतिशय पातळ पापुद्र्यांची बनलेली असतात. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मधल्या जागेत शिरते व माती फुगते, आणि पाणी उडून गेले की तीच माती आकसून भेगाळते. मे महिन्यात मोकळ्या अंगणात पडलेल्या भेगांत हात सहज आत जातो. या भेगा दिसायला निरुपद्रवी वाटल्या तरी त्या झाडांची बारीक मुळे तोडतात आणि खालच्या थरातील ओल बाहेर उडून जायला वाट करून देतात. म्हणून कोकणातील तांबड्या किंवा पुण्याकडील मध्यम जमिनी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या बागकामाच्या पुस्तकांतील वेळापत्रक वऱ्हाडात जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे काम केव्हा करायचे हे महिन्यापेक्षा मातीतील ओल ठरवते.

शेतकरी या ओलीच्या योग्य अवस्थेला वाफसा म्हणतात. पाऊस किंवा पाणी दिल्यानंतर मातीतील मोठ्या पोकळ्यांमधले जादा पाणी निथळून जाते, त्या जागी हवा शिरते, पण कणांभोवती मुळांना पुरेल एवढे पाणी शिल्लक असते. ही अवस्था म्हणजे वाफसा. तो ओळखण्याची रीत सोपी आहे. चार बोटे खोलीवरची मूठभर माती घेऊन दाबावी. हाताला चिकटून चिखल झाला तर वाफसा यायचा आहे, गोळाच होत नसेल तर तो निघून गेला आहे, आणि गोळा होऊन कमरेच्या उंचीवरून टाकताच फुटत असेल तर कुदळ हाती घ्यायला हरकत नाही. रेताड जमिनीत ही अवस्था एका दिवसात येते, भारी काळ्या जमिनीत मोठ्या पावसानंतर तिच्यासाठी चार-सहा दिवसही थांबावे लागते. ओल्या काळ्या मातीत खणणे, निंदण करणे, इतकेच काय नुसते वाफ्यातून चालणे यानेही माती दबून तिची जी ढेकळे होतात ती पुढे सबंध हंगामभर फुटत नाहीत. घरच्या बागेतील झाडे मरण्याच्या कारणांत पाण्याच्या अभावापेक्षा अवेळी केलेली उठाठेव आणि मुळांशी साचलेले पाणी यांचा वाटा मोठा असावा, असे म्हणायला जागा आहे.

काळी माती भुसभुशीत व्हावी म्हणून तिच्यात रेती मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु जमिनीवरच्या वाफ्यात दोन-चार घमेली रेतीने काहीही साधत नाही; चिकणमाती रेतीच्या कणांना लपेटून घेते आणि मिश्रण अधिकच घट्ट होते. कुंडीपुरती गोष्ट वेगळी, तिथे माती, कुजलेले खत आणि जाड रेती समभाग घेता येतात. जमिनीत मात्र उपाय एकच, तो म्हणजे सेंद्रिय पदार्थ : पूर्ण कुजलेले शेणखत, पालापाचोळ्याचे खत, आणि वऱ्हाडात सहज मिळणारे सोयाबीन व तुरीचे कुटार, म्हणजे मळणीनंतर उरणारा भुसा. या पदार्थांच्या कुजण्यातून निघणारे चिकट द्रव्य मातीचे सुटे कण बांधून त्यांचे रवे करते आणि त्या रव्यांच्या मधून पाणी व हवा फिरू लागते. हे एका वर्षात होत नाही; दरवर्षी मृगाच्या आधी आणि दसऱ्याच्या सुमारास असा दोनदा बोटभर थर दिला तर तिसऱ्या वर्षी खुरप्याला फरक कळतो.

याच संदर्भात घराच्या भिंतीचाही विचार करायला हवा, कारण फुगणारी-आकसणारी माती जशी मुळांना तशीच पायालाही छळते. जोत्याला चिकटून फुलझाडांचा वाफा केला आणि त्याला रोज पाणी दिले की भिंतीच्या एका बाजूची माती फुगलेली व दुसऱ्या बाजूची कोरडी राहते, आणि भिंतीला तिरपे तडे जातात. पाण्याचे वाफे भिंतीपासून किमान तीन फूट दूर असावेत, मधल्या पट्टीला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा, आणि मोठी होणारी झाडे कुंपणाकडे लावावीत. याला भिऊन सबंध अंगण फरश्यांनी किंवा पेव्हर ब्लॉकनी झाकून टाकण्याची जी पद्धत अलीकडे रूढ झाली आहे, तिचा दंड उन्हाळ्यात भरावा लागतो. पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकला की असे अंगण रात्री उशिरापर्यंत उष्णता बाहेर टाकत राहते आणि त्यातील चौकोनी खड्ड्यात कोंडलेले झाड भर वैशाखात पाने टाकते.

खारपाणपट्ट्यात प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला व बुलडाणा या जिल्ह्यांतून वाहत पुढे तापीला मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात गाळाचा शेकडो फूट जाडीचा थर आहे आणि त्यातील भूजल बऱ्याच ठिकाणी खारे आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या तालुक्यांतील अनेक गावे या पट्ट्यात मोडतात. अशा पाण्यातील सोडियम मातीच्या कणांवर जाऊन बसतो, कणांचे रवे विस्कटतात, पोकळ्या बुजतात आणि पावसाचे पाणी वरच तुंबून राहते. वाळल्यावर पृष्ठभागावर पांढुरका थर दिसतो आणि खाली माती दगडासारखी टणक होते. यावरचा शास्त्रीय उपाय म्हणजे जिप्सम, अर्थात कॅल्शियम सल्फेट : त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटा झालेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली धुऊन जातो. म्हणूनच जिप्सम पावसाळ्यापूर्वी वरच्या वीतभर मातीत मिसळायचे असते, आणि निचऱ्यासाठी चर नसेल तर ते टाकूनही उपयोग होत नाही. मात्रा माती परीक्षणावरून ठरवावी. अकोल्यात २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने या खारवट-चोपण जमिनींचा दीर्घकाळ अभ्यास केलेला आहे. घरासाठी सर्वांत सोयीची वाट मात्र अशी की छपरावरचे पाणी टाक्यात साठवून ते नाजूक झाडांना राखून ठेवावे, आणि उरलेल्या जागेत बोर, कडुनिंब, कण्हेर, बोगनवेल यांसारखी खाऱ्या मातीला दाद न देणारी झाडे लावावीत. पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांना घालणारी घरे पुष्कळ आहेत. खाऱ्या गावात त्या पाण्यात क्षार आणखी एकवटलेले असतात, तेव्हा ते फरशी धुण्यासाठीच वापरावे.

कूलरच्या पाण्याचेही तसेच आहे. वऱ्हाडात मार्चअखेर ते जूनमध्यापर्यंत घरोघरी कूलर चालतो, आणि त्याच्या टाकीतील पाणी दिवसभर बाष्प होऊन उडत असताना क्षार मागे टाकत जाते. आठवड्याने टाकी धुताना निघणारे ते पाणी कढीपत्ता किंवा मोगऱ्याच्या कुंडीत ओतले की काही दिवसांत पानांच्या कडा करपतात आणि दोष उन्हाला दिला जातो. एअर कंडिशनरमधून ठिबकणारे पाणी याउलट हवेतील बाष्पाचे बनलेले व जवळजवळ क्षारविरहित असते, ते कुंड्यांना खुशाल घालावे.

उन्हाळ्यातील निगेचा गाभा म्हणजे आच्छादन. झाडाच्या आळ्यात कुटार, वाळलेली पाने किंवा बारीक केलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, यांचा चार बोटे जाड थर पसरला की भेगा पडत नाहीत, मातीचे तापमान उतरते आणि पाण्याच्या दोन पाळ्यांतील अंतर वाढवता येते. मात्र हा थर खोडापासून वीतभर दूर ठेवावा, नाहीतर उधईला म्हणजे वाळवीला आयतेच घर मिळते. रोज थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी, पहाटे, खोलवर जिरेल इतके पाणी द्यावे, कारण वरवरच्या पाण्याने मुळे वरच राहतात आणि तीच आधी भाजतात. नळाला पाणी दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येणाऱ्या वस्त्यांत झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरलेले साधे भाजलेल्या मातीचे मडके फार उपयोगी पडते, कारण त्याच्या भिंतीतून पाणी मुळांच्या गरजेनुसार पाझरत राहते. पश्चिमेचे ऊन अडवण्यासाठी पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी पुरते. तिच्याहून दाट जाळीखाली मिरची आणि भेदरं, म्हणजे टोमॅटो, नुसतीच उंच वाढतात.

मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस येण्याच्या आधी, लिंबू आणि संत्र्याच्या खोडांना बोर्डो पेस्ट लावण्याचे काम चुकवू नये. वरूड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजार या तालुक्यांतील संत्रा बागाईतदारांना ते ठाऊक असते. घरी एक-दोनच झाडे असणाऱ्यांकडून मात्र ते हमखास राहून जाते. पावसाळ्यात ओल्या मातीतील फायटोप्थोरा नावाची बुरशी खोडाच्या तळाशी शिरते, साल तडकून डिंक वाहू लागतो, आणि या रोगाला म्हणूनच डिंक्या म्हणतात. पेस्टसाठी १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत, वेगवेगळे भिजवून मग एकत्र ढवळावेत. मिश्रणात लोखंडी पाते क्षणभर बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे आहे असे समजून आणखी थोडा चुना घालावा. हा लेप जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ब्रशने द्यावा आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा द्यावा. लिंबाला आळे करताना खोडाभोवती मातीचा एक उंचवटा आणि त्याच्या बाहेर पाण्याचे कडे, असे दुहेरी आळे करण्याची पद्धतही याच रोगामुळे पडली आहे.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला की संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ आणि बोरीवर तपकिरी भुंगेरे जमू लागतात. ही हुमणीची प्रौढ अवस्था. तिची पांढरी, अर्धवर्तुळाकार अळी पुढे सर्व पावसाळाभर गुलाबाची आणि भाज्यांची मुळे खाते, आणि जमिनीत शिरल्यावर तिचा बंदोबस्त अवघड होतो. भुंगेरे दिसताच रात्री फांद्या हलवून ते खाली पाडावेत आणि रॉकेल किंवा साबण मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. एका गल्लीतील चार घरांनी हे एकाच वेळी केले तर परिणाम दिसतो, एकट्याने केले तर फारसा दिसत नाही.

पावसाळ्यात बागेला पाणी देण्यापेक्षा पाणी घालवणे महत्त्वाचे असते. भाज्या सपाट वाफ्यात न लावता वीतभर उंच गादीवाफ्यावर लावाव्यात आणि दोन वाफ्यांमधल्या सरीला अंगणाबाहेर वाट काढून द्यावी. दोडके, कारले, चवळी, गवार, अंबाडी आणि भेंडी (भेंडीची ‘अकोला बहार’ ही जात अकोल्याच्या कृषी विद्यापीठानेच विकसित केली आहे) पहिल्या चांगल्या ओलीवर टोकावीत. मुंगना, म्हणजे शेवगा, याच दिवसांत फांदीवरून लावता येतो. नवी फळझाडे लावायची तर दोन फुटी खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत, आणि रोप मृगाच्या घाईत न लावता एक-दोन पाऊस होऊन वाफसा आल्यावर लावावे. कलम केलेल्या रोपाचा जोड मातीच्या वर राहील याची खात्री करून घ्यावी. कुंड्यांखालच्या थाळ्या चार महिने काढून ठेवाव्यात, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

तणांच्या बाबतीत थोडी विवेकबुद्धी हवी. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे, कारण एकदा बी पडले की पुढची अनेक वर्षे ते उगवत राहते आणि त्याच्या परागकणांनी त्वचेचे व श्वासाचे विकार होतात. मोथा म्हणजे लव्हाळा नुसता कापून जात नाही, त्याच्या जमिनीतील गाठी खणूनच काढाव्या लागतात. पण तरोटा, घोळ आणि रानातली कुंजर निंदणात सरसकट फेकून देणे म्हणजे आषाढातली फुकटची भाजी उकिरड्यावर टाकणे होय. याच दिवसांत कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो; गर धुऊन त्या सावलीत वाळवाव्यात आणि पोत्यात भरून ठेवाव्यात. ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात चिमूटभर साबण घातला की पाच टक्क्यांचा अर्क तयार होतो. त्यातील अझाडिरॅक्टिन हे कीडरोधक द्रव्य उन्हात लवकर निकामी होत असल्याने फवारणी संध्याकाळीच करावी, आणि अर्क दुसऱ्या दिवसासाठी उरवू नये.

अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी प्रसार केलेले आणि त्यांना २०१६मध्ये पद्मश्री मिळाल्यावर अधिकच चर्चेत आलेले जीवामृत आता अनेक घरांच्या गच्चीवरही पोहोचले आहे. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती यांच्या या आंबवणाने मातीतील सूक्ष्मजीवांना खाद्य मिळते, परंतु त्यातील अन्नद्रव्यांचे प्रमाण अल्प असते. म्हणून ते कुजलेल्या खताच्या जोडीला वापरावे, खताऐवजी नव्हे. यावर कृषिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत, पण कुंडीच्या मर्यादित मातीपुरता तरी हा सावधपणा रास्त ठरतो.

वऱ्हाडात बागेचा खरा हंगाम दसऱ्यापासून सुरू होतो. पाऊस थांबलेला, ओल खोलवर मुरलेली आणि ऊन अजून सोसण्याजोगे असलेले असे हे दिवस असतात. फक्त ऑक्टोबरच्या उन्हात वरचा थर झपाट्याने वाळून भेगाळू लागतो, तेव्हा एक हलकी खुरपणी करून भेगा बुजवाव्यात. दसऱ्याला झेंडू हवा असेल तर त्याचे बी जुलैतच टाकलेले असावे लागते, आणि रोपे लागल्यावर एकदा शेंडा खुडलेला असला तर फांद्या व फुले वाढतात. गुलाबाची छाटणी दसऱ्यानंतर लगेच करावी : मेलेल्या, रोगट आणि आत वळलेल्या फांद्या मुळाशी काढाव्यात, निरोगी फांद्या बाहेरच्या बाजूला पाहणाऱ्या डोळ्याच्या किंचित वर तिरप्या कापाव्यात आणि कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावावी. जोडाच्या खालून निघालेल्या फांद्या जोमदार दिसल्या तरी त्या खुंटाच्या असतात, त्यांचा मोह धरू नये. सुमारे दीड महिन्याने फुले येतात. सांभार (कोथिंबीर), मेथी, पालक आणि मुळा हे पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे पेरावे. एकदम सगळे पेरले की डिसेंबरात वाटायला शेजारी कमी पडतात आणि जानेवारीत बाजारातून आणावे लागते.

हिवाळ्यात आणखी एक तक्रार वारंवार ऐकू येते : जास्वंद, मोगरा, गुलाब किंवा लिंबाची कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा मात्र हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे, आणि लोहाची कमतरता असूनही माती लोहहीन नसते. या जमिनीत चुनखडीचे प्रमाण जास्त व सामू साडेसातच्या वर असल्याने मातीतील लोह मुळांना न मिळणाऱ्या स्वरूपात अडकून राहते. म्हणून हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत टाकण्यात अर्थ नसतो, तेही तसेच अडकते. ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व एक लिटर पाण्यात विरघळवून ताज्या द्रावणाची फवारणी पानांवर दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा करावी. मुळांशी पाणी तुंबलेले असले तरी हेच लक्षण दिसते, तेव्हा फवारणीआधी आळे तपासावे. ढगाळ हवेत वाल आणि मेथीवर मावा येतो. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढला तर औषधाची गरज पडत नाही.

लिंबाला आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली फुले आणि त्यापासून पावसाळ्यात मिळणारी फळे, हवी असतील तर डिसेंबरपासून पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. हलक्या जमिनीत महिनाभर पुरतो, भारी काळ्या जमिनीत मात्र ओल टिकून राहत असल्याने दीड-दोन महिने लागतात. पाने मलूल होऊन काही गळू लागली की ताण बसला असे समजावे, कुजलेले खत द्यावे आणि पहिले पाणी हलके देऊन पुढे वाढवत न्यावे. कोवळ्या पानांवर पक्ष्यांच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे ठिपके दिसले तर ते नीट पाहावे. बऱ्याचदा ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी असते, पुढे हिरवी होते आणि बोट लावताच डोक्यामागून नारिंगी शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. मोठ्या झाडावर दोन-चार अळ्यांनी बिघडत नाही, वर्षाच्या रोपाला मात्र त्या आठवड्यात निष्पर्ण करतात. मोगऱ्याची छाटणीही जानेवारीत उरकावी, म्हणजे मार्चपासून कळ्या धरतात.

फेब्रुवारीत पानगळ सुरू होते आणि अंगणाच्या कोपऱ्यात पाने पेटवण्याची जुनी सवय उफाळून येते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठरवला असला तरी ती सुटलेली नाही. हीच पाने उन्हाळ्याचे आच्छादन आणि पुढच्या वर्षाचे खत असतात. खतासाठी काळ्या मातीत खड्डा करू नये, पावसाळ्यात तो भरून जातो व आतला माल कुजण्याऐवजी सडतो. विटांच्या चौकटीत जमिनीवरच ढीग रचावा, पानांच्या प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडावा आणि महिन्याने ढीग वरखाली करावा. गांडूळ खत करायचे असेल तर आयसेनिया फेटिडा ही नेहमी वापरली जाणारी जात पस्तीस अंशांच्या पुढे तग धरत नाही हे ध्यानात घेऊन बेड उत्तरेच्या भिंतीआड, छपराखाली करावा आणि मार्चपासून त्यावर भिजवलेली गोणपाटे टाकावीत.